दुरुस्तीला गेलेली पुस्तकं

चिकटमावशीशी माझी ओळख भांडणातून झाली. माझ्या बहुतेक ओळखी तशाच होतात, त्यामुळे त्यात नवल काही नाही.

आमच्या सार्वजनिक वाचनालयात घरभाड्याच्या कायद्याचं एक जाडजूड पुस्तक आहे. मी कॉलेजची पायरी चढलेली नाही. घरमालकांशी आणि कचेऱ्यांशी भांडायला जेवढा कायदा लागतो, तेवढा मी त्याच पुस्तकातून शिकले, समासात पेन्सिलीने टिपणं काढत काढत. एके दिवशी ते बांधणीहून परत आलं. नवा पुठ्ठा, नवी पाठ, तिन्ही कडा सरळसोट. आणि माझी अर्धी टिपणं गायब! कडा कापताना समासच उडवला होता.

मी तरातरा जिना उतरून तळघरात गेले. बांधणी विभागाची पाटी होती, दार उघडंच होतं. आत एक पन्नाशी उलटलेली बाई मोठ्या लोखंडी दाबयंत्राचं चाक फिरवत होती.

"कुणी कापलं हे?" मी पुस्तक तिच्या टेबलावर आपटलं.

"मी." तिने मान वर केली नाही.

"चार वर्षांची मेहनत होती माझी समासात!"

"वाचनालयाच्या पुस्तकात?"

"वाचनालय सगळ्यांचं असतं!"

"मग सगळ्यांच्या समासात तू एकटीनेच का लिहिलंस?"

मोठमोठ्या साहेबांना मी भर सभेत गप्प केलेलं आहे. पण इथे मी आपटलेलं पुस्तक हळूच सरळ करून ठेवलं. तोवर तिने चाक सोडलं, हात फडक्याला पुसले आणि खणातून एक पाकीट काढून माझ्यापुढे ठेवलं. आत कागदाच्या बारीक बारीक पट्ट्या. कापलेल्या समासाची एकेक पट्टी, मागे पानाचा नंबर घालून, क्रमाने लावलेली.

"फेकवेनात," ती म्हणाली. "अक्षर भिकार आहे तुझं. पण मुद्दे बरे आहेत."

त्या दिवसापासून ती माझी मावशी. रक्ताचं नातं काही नाही. वाचनालयात येणारी पोरं तिला चिकटमावशी म्हणायची, कारण तिच्या बोटांवर कायम वाळलेल्या खळीचे पापुद्रे असत आणि बोलता बोलता ती ते सोलत बसे. तिला ते नाव आवडायचं. "गोड बोलून चिकटणाऱ्यांपेक्षा खळीने चिकटणारी बरी," म्हणायची.

तिची खोली म्हणजे एक लांबट तळघर. वर छताला लागून एक आडवी खिडकी, तिच्यातून रस्त्यावरून जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसत. टेबलावर दोरा, सुया, हाडाची पट्टी, खळीचं पातेलं. भिंतीला टेकून जखमी पुस्तकांच्या थप्प्या. मी मोर्च्यातून, कचेरीतून, कुणाशी तरी कडाकडा भांडून आले की तिथे जाऊन बसायची. ती मला चहा द्यायची आणि एक उसवलेलं पुस्तक हातात ठेवायची. "जुना दोरा काढ. सावकाश. कागदाने तुझं काही वाईट केलेलं नाही."

पुस्तक हातात घेतलं की वाचणारा कसा आहे ते ती सांगायची. मुलं पान खालच्या कोपऱ्याला धरून ओढतात, म्हणून तो कोपरा मऊ पडतो. मोठी माणसं बोट ओलं करून वरच्या कोपऱ्याने पान उलटतात, तिथे पिवळट डाग पडतो. आडवं पडून वाचणाऱ्याचं पुस्तक पाठीत मोडतं. एकदा एक कादंबरी चाळून म्हणाली, "ह्या माणसाने शेवट आधी वाचलाय. शेवटचीच पानं मळकी आहेत बघ. तुझ्यासारखा उतावळा दिसतो."

तिची स्वतःची शाळा सातवीत सुटली. घरात धाकटी भावंडं, त्यांना सांभाळायला कुणी नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी ती ह्याच तळघरात खळ शिजवायला लागली. तेव्हाचे म्हातारे बाइंडर शब्दाला कंजूष. एक दिवस त्यांनी तिच्यापुढे एक उसवलेलं पुस्तक टाकलं. पुस्तक उसवलं की त्याचे सोळा सोळा पानांचे गठ्ठे सुटे होतात, त्यांना फर्मे म्हणतात. ते पानांचे नंबर बघून पुन्हा क्रमाने लावायचे असतात. पण ह्या पुस्तकाचे नंबरच कुणीतरी आधीच्या बांधणीत कापून टाकले होते. एकेक फर्मा आतून सलग, पण कुठला कशाच्या मागे ते कळायला मार्ग नाही.

"लावू कसे?" तिने विचारलं.

"वाचून," म्हातारे म्हणाले आणि विडी ओढायला निघून गेले.

ती गोष्ट होती एका मुलीची. त्या मुलीच्या गावची नदी हरवते, मग ती मुलगीच नदीला शोधून एका घागरीत भरते आणि तिला ओतायला जागा शोधत गावोगाव हिंडते. चार खंडांची कथा. चेटकिणी, बोलणारे दगड, उडणारी होडी, सगळा मामला. मावशीच्या हातात पहिला खंड होता आणि तोही उलटासुलटा.

"मी आधी वाचलं, मुलगी डोंगर चढून दमलीय," ती सांगायची. "मग पुढच्या फर्म्यात ती घरीच! आई तिला म्हणते, कुठे जायचं नाही. मी म्हटलं, अगं बाई, ती गेलीसुद्धा, तू कुणाला अडवतेस? बारा दिवस लागले मला. बारा दिवस मी ती गोष्ट खालीवर करत होते. शेवटी जेव्हा बसली ना बरोब्बर, तेव्हा म्हातारे म्हणाले, चहा घे. नोकरी पक्की झाली ती तेव्हा."

तेव्हापासून जादूच्या गोष्टींचं कुठलंही पुस्तक शिवण्याआधी ती वाचून काढायची. साठीला आली तरी. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, भारी मिश्कील माणूस. म्हणायचा, "आमच्या घरात दोघंही दुरुस्तीवर. माझी लिफ्ट वर-खाली जाते. हिची कुठे जाते, देव जाणे."

मला मात्र तिचं हे वाचन पटत नसे आणि पटत नाही ते मी पोटात ठेवत नाही. मी तोंडावर म्हटलं होतं, "मावशी, भाकडकथा आहेत ह्या. इथे लोकांच्या डोक्यावरचं छप्पर जातंय आणि तू घागरीत नदी घेऊन फिरतेस."

"आणि तू पाण्याच्या मोर्च्यात काय घेऊन फिरतेस?" ती म्हणाली. "रिकामी बादलीच ना?"

अशी आमची सात-आठ वर्षं गेली. ती एकोणसाठची झाली, निवृत्तीला आठ महिने उरले. त्याच सुमारास वाचनालयात नवा ग्रंथपाल आला. तिशीतला, नीटनेटका, प्रत्येक वाक्यात एक आकडा. माणूस वाईट नव्हता. पण एका सकाळी मुख्य दारापाशी त्याच्या सहीची सूचना लागली: बालविभागातली वापरात नसलेली चौऱ्याण्णव पुस्तकं महिनाअखेर बाद करण्यात येतील. बाद म्हणजे कागदाच्या लगद्याला. यादी मी वाचली. सगळी वरच्या कप्प्यावरची. जादूची, राक्षसांची, आणि सर्वांत वर ते घागरीवालीचे चार खंड.

मी धावत खाली गेले. "मावशी, सूचना वाचलीस?"

"वाचली." ती कागदाला घडी घालत होती.

"आणि गप्प बसलीस?"

"मग काय करू?"

तिचा असा विझलेला आवाज मी कधी ऐकला नव्हता. मला वाटलं, निवृत्ती जवळ आली म्हणून घाबरली असेल. म्हटलं, "तू काही करू नकोस. मी बघते."

"नको गं. तू ह्यात पडू नकोस."

हे वाक्य ऐकून मी आजवर एकाही भानगडीतून बाहेर राहिलेली नाही.

आठवड्यात मी पत्रकं छापली. दोनशे सह्या जमवल्या. दोन शाळांतली मुलं, त्यांचे आईबाप, फलक, सगळे वाचनालयाच्या पायऱ्यांवर. "मुलांची पुस्तकं मुलांना!" गल्लीत मला भोंगा म्हणतात ते उगाच नाही. ग्रंथपाल बाहेर आला आणि शांतपणे म्हणाला, "ताई, ही पुस्तकं मुलं वाचत नाहीत."

"पुरावा दाखवा!" मी ओरडले. "नोंदी उघड करा! लोकांना बघू द्या कोण वाचतं ते!"

"ठीक आहे," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी फलकावर छापील कागद लागला. चौऱ्याण्णव पुस्तकं. गेल्या तीन वर्षांत मुलांनी घरी नेली, अकरा वेळा. सगळी मिळून, अकरा. आणि त्याच तीन वर्षांत बांधणी विभागात दुरुस्तीला गेली, दोन हजारांच्या वर. खाली ग्रंथपालाची ओळ: 'ही पुस्तके वाचली जात नाहीत, फक्त फाटतात.'

माझ्या शेजारी एका मुलाचा बाप उभा होता. तो म्हणाला, "अहो ताई, एवढं ओरडायच्या आधी बघायचंत तरी."

माझ्या कानशिलाला आग लागली. मी तळघरात शिरले. "अकरा वेळा! आणि दोन हजार वेळा दुरुस्ती! मावशी, मग ही पुस्तकं फाडतं कोण? उंदीर?"

मावशीने उठून दार लावलं. ते दार लावलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. मग ती स्टुलावर बसली.

"फाटत नाहीत ती," ती म्हणाली. "दुरुस्तीला येतच नाहीत."

मग तिने सांगितलं. वाचनालयाचा नियम आहे, बालविभागाचं पुस्तक चौदाच्या आतल्या मुलाच्या कार्डावरच मिळतं. सतरा वर्षांपूर्वी एक क्रेनवाले काका काउंटरवर आले. बंदरात साठ फूट उंचीवरच्या केबिनमध्ये एकटे बसून माल उचलणारा पन्नाशीचा माणूस. हातात घागरीवालीचा पहिला खंड. काउंटरवरचा कारकून हसून म्हणाला, "काका, पऱ्यांचं पुस्तक? नातू कुठाय?" मागची रांग हसली. काकांना नातू नव्हता. मूलच नव्हतं. त्यांनी पुस्तक परत कप्प्यावर ठेवलं आणि जिन्यापाशी येऊन उभे राहिले, तिथे मावशीने त्यांना पाहिलं.

"मी म्हटलं, परवा खाली या. वहीत लिहिलं, पाठ सुटली. आठ दिवस दुरुस्ती. आणि तपकिरी कागदात बांधून त्यांना दिलं."

"आणि मग?"

"मग त्यांनी एका नर्सला सांगितलं. नर्सने आणखी कुणाला. तीसेक जण आहेत आता."

तिथे चहाला येणारी माणसं मी वर्षानुवर्षं पाहत होते. मला वाटायचं, मावशीचा गोतावळा मोठा आहे.

"मी त्या पुस्तकांना लपवून वाचवलं असं मला वाटायचं," ती म्हणाली. "आता त्या साहेबाला ती दिसतच नाहीत. त्याचं काय चुकलं?"

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठे? तू घोषणा लिहीत होतीस." मग म्हणाली, "आणि तू भाकडकथा म्हणाली असतीस."

ते लागलं मला. लागण्यासारखंच होतं.

मी लगेच डाव मांडला. दोन्ही शाळांतली पोरं आणू, आठवड्यात चौऱ्याण्णवच्या चौऱ्याण्णव पुस्तकं त्यांच्या कार्डांवर काढू, आकडा फिरवू. कचेऱ्यांशी झुंजताना असं करावं लागतं.

"अजून खोट्या नोंदी?" तिने बोटांवरची खळ सोलली. "माझ्या खोट्याने ती इथवर आली. चाळीस वर्षांत मला एक मेमो नाही, माहीत आहे तुला? फाईल कोरी आहे माझी. निवृत्तीच्या दिवशी मी ती मागून घेणार होते, नवऱ्याला दाखवायला." मग बराच वेळ ती खिडकीतून जाणारे पाय बघत बसली. खरं सांगितलं तर चौकशी, कदाचित आठ महिने आधीच हकालपट्टी. गप्प राहिली तर निवृत्ती सन्मानाने आणि पुस्तकं लगद्यात. तिच्या मनात काय चाललंय ते उघड दिसत होतं आणि मी, जिला प्रत्येकाला सल्ला द्यायची खाज, मी त्या दिवशी तोंड उघडलं नाही.

शेवटी ती उठली. गरम पाण्याने हात धुतले, नखांपर्यंत. "चल वर. पण तू बोलायचं नाहीस. एक अक्षर नाही."

ही अट मला जन्मात कुणी घातली नव्हती. पण मी पाळली. खुर्चीखाली मुठी आवळून पाळली.

ग्रंथपालाने सगळं ऐकून घेतलं. मग फलकावरच्या छापील कागदाची प्रत पुढे ओढली. "सतरा वर्षं? मी ह्या आकड्यांवर निर्णय घेतला, बाई. माझा आकडाच खोटा होता?"

"हो साहेब."

"मला हे शनिवारी समितीच्या सभेपुढे ठेवावं लागेल. तुमच्यासकट."

"ठेवा." मग तिने पिशवीतून दुसरा खंड काढून त्याच्या टेबलावर उघडला. "पण आकडा जरा बाजूला ठेवून हे बघा. खालचा कोपरा कडक आहे, मुलांचा हात लागलेला नाही. वरचा कोपरा बघा."

त्याने पान वाकवून पाहिलं. "डाग आहे."

"ओल्या बोटाचा. आता पुढचं पान. पुढचं. तीनशे पानं आहेत साहेब, एक पान सुटलेलं नाही."

तो पानं उलटत राहिला. शेवटी म्हणाला, "कोण आहेत ही माणसं? नावं द्या."

"नावं नाही देणार. एकदा हसून झालंय त्यांना. शनिवारी सभा आहे हे मी त्यांच्या कानावर घालीन. वाटलं तर येतील, नाही तर नाही."

मी बाहेर पडल्या पडल्या म्हटलं, "मला नावं दे, मी घरोघरी जाऊन आणते एकेकाला."

"म्हणूनच नाही देत," ती म्हणाली.

शनिवारी सकाळी दहाला वाचनकक्षात सभा. समितीचे पाच जण, अध्यक्ष एक निवृत्त डॉक्टर, बोलणं कमी आणि घड्याळाकडे बघणं जास्त. ग्रंथपाल कागद घेऊन बसलेला. मावशी कडेच्या खुर्चीत, साडी कडक इस्त्रीची, नवरा शेजारी. मी मागे. दहा वाजले, दहा दहा झाले. श्रोत्यांच्या खुर्च्या रिकाम्या. लिफ्टवाले काकासुद्धा विनोद करीनात.

"सुरू करू या," डॉक्टर म्हणाले.

तेवढ्यात दारात क्रेनवाले काका उभे. सदुसष्टीचे, पांढरा शर्ट, काखेत तपकिरी कागदातलं पुडकं. त्यांनी सभेला नमस्कार केला, पुडकं सोडून पहिला खंड टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "हे मी वाचतो. सतरा वर्षं वाचतोय." एवढं बोलून बसले. कपाळावर घाम होता.

मग नर्सबाई आल्या, ड्यूटीवरून थेट, डोळे तांबारलेले. मग एक दात काढणारे डॉक्टर. मग एक बाई आत आल्या आणि मी खुर्चीत आक्रसले, कारण त्या माझ्या शाळेतल्या गणिताच्या बाई होत्या. ह्याच बाईंनी मला दोनदा नापास केलं होतं. त्यांनी मला चष्म्यातून पाहिलं. "तू? तू इथे कशी? आणि गप्प कशी?"

एकूण सोळा जण आले. बाकीचे आलेच नाहीत. लाज सगळ्यांचीच एका दिवसात जात नाही, त्याबद्दल मी त्यांना नावं ठेवणार नाही.

समितीतला एकजण जरा कुत्सितपणे म्हणाला, "पण ही मुलांची पुस्तकं. मोठ्यांना ह्यात काय मिळतं?"

नर्सबाई म्हणाल्या, "आमच्या वॉर्डात मी साहेबांना सांगते, हे चुकीचं चाललंय. साहेब म्हणतात, सिस्टर, तुमचं काम बघा. त्या पुस्तकात एक एवढीशी पोर राजाला सांगते, हे चुकीचं आहे, आणि राजाची झोप उडते. मला दोन पानं वाचली की दुसऱ्या दिवशी पुन्हा साहेबांना सांगायचं बळ येतं. ऐकत नाहीत ते. पण मी सांगते."

क्रेनवाले काका म्हणाले, "मी आयुष्यभर उंचावर एकटा बसलो. खाली माणसं मुंगीएवढी. त्या उडत्या होडीतल्या नावाड्याला तसंच दिसतं. ज्याने लिहिलं त्याला कसं कळलं, हेच मला कळत नाही."

गणिताच्या बाई उभ्या राहिल्या. वर्गात उभ्या राहायच्या तशा. "मी अकरा वर्षांची असताना ही गोष्ट वाचली. तेव्हा मला त्या मुलीच्या आईचा राग आला होता. जाऊ नको, जाऊ नको, सारखं तेच. चाळिशीत पुन्हा वाचलं, माझी मुलगी तेव्हा पंधराची. वाटलं, आई बरोबर बोलतेय, ही कार्टी ऐकत का नाही? आता सासष्ट वर्षांची आहे. त्या गोष्टीत कोरड्या पात्राकाठी एक म्हातारी आहे, नदी गेली तरी होडी विकत नाही. लोक तिला वेडी म्हणतात. लहानपणी मी तिची पानं चक्क गाळून वाचली होती. आता तिच्यासाठीच वाचते. पुस्तक तेच आहे, एक अक्षर बदललेलं नाही. आता तुम्ही मला सांगा, हे कुठल्या वयाचं पुस्तक?"

कुणी सांगितलं नाही. बाईंच्या प्रश्नाला चुकीचं उत्तर देण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, हे आमच्या अख्ख्या शाळेला ठाऊक होतं.

त्या शांततेत काउंटरवरचा कारकून उठला. तोच, सतरा वर्षांपूर्वीचा. आता केस पिकलेले. कानाच्या पाळ्या लाल. "साहेब, मी... म्हणजे मीपण. खालून नेतो. तिसरा खंड माझ्याकडेच आहे."

"तुझ्याकडे?" क्रेनवाले काका ताडकन उठले. "अरे, मी दोन महिने थांबलोय त्या तिसऱ्यासाठी! मावशी म्हणतात, दुरुस्तीत आहे, दुरुस्तीत आहे!"

"मावशींनी मला आठच दिवसांसाठी दिला होता," कारकून पुटपुटला. "पण मी हळू वाचतो."

आधी लिफ्टवाले काका हसले, मग गणिताच्या बाई, मग घड्याळ बघणारे डॉक्टर. ग्रंथपालही हसला, पण कागदात तोंड घालून.

निर्णय झाला तो असा. वरचा कप्पा राहील. त्यावर वयाची अट नाही, कुठल्याही कार्डावर पुस्तक मिळेल, वर्षभराने पुन्हा पाहू. आणि खोट्या नोंदींबद्दल बांधणी विभागाच्या कर्मचाऱ्याला लेखी समज, फाईलमध्ये लावून. नोकरी राहिली.

मी तिथल्या तिथे उसळले. "लेखी समज? सतरा वर्षं जे तुम्हाला जमलं नाही ते हिने केलं म्हणून? मी ह्याविरुद्ध..."

"बस खाली," मावशी म्हणाली. "खोटं लिहिलं होतं मी. त्याचं फळ आलं." पण त्या कागदाची प्रत हातात आली तेव्हा तिने ती न वाचताच पालथी धरली, ते मी पाहिलं. चाळीस वर्षांची कोरी फाईल गेली होती. ते नुकसान तिचं एकटीचं होतं आणि आमच्या टाळ्यांनी ते भरून येणारं नव्हतं. नवऱ्याने कागद तिच्याकडून घेतला, वाचला, घडी घालून खिशात ठेवला. "बरं झालं," तो म्हणाला. "माझ्या फाईलमध्ये असले नऊ आहेत. तुझ्यापुढे मान वर करता येत नव्हती."

तेव्हा ती हसली. डोळे पुसत, पण हसली.

सोमवारी काउंटरवर रांग होती. मी त्या रांगेत कशाला उभी होते ते विचारू नका. माझ्या पुढे क्रेनवाले काका, हातात चौथा खंड, कारण तिसरा अजून कारकुनाचा वाचून व्हायचा होता. त्यांच्या पुढे दहा-अकरा वर्षांची एक मुलगी, दोन वेण्या, माझ्याच मोर्च्यात फलक धरून उभी असलेली. फलकावर ज्या पुस्तकाचं नाव तिने रंगवलं होतं ते तिने अजून उघडलेलंही नव्हतं, हे तिनेच मला सांगितलं. आता पहिला खंड छातीशी धरून उभी होती. मावशी जिन्याच्या वरच्या पायरीवर, खळीचं पातेलं हातात, काही काम नसताना थांबलेली.

मुलीने मागे वळून काकांच्या हातातलं पुस्तक पाहिलं. "आजोबा, तुम्ही एकदम चौथं?"

"मी सगळी वाचलीत गं. पुष्कळ वेळा."

"मग ती नदी कुठे ओतते ते सांगू नका हं."

"मला कुठे आठवतंय!" काका म्हणाले. "दर वेळी विसरतो मी."

"असं कसं विसरता?"

"मुद्दाम," काका म्हणाले आणि त्यांनी कारकुनापुढे स्वतःचं कार्ड ठेवलं.